नॅसचा इन्क्रिमेंटल बॅकअप: डिस्क पंचविसाव्या रात्रीच का भरते, आणि जुन्या प्रती किती ठेवायच्या?

बारा_वोल्ट

चार खणांचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायची साठवणपेटी), ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो). सीएचं ऑफिस, नऊ माणसं. डेटा ३.२ टीबी. त्यात स्कॅन केलेले कागद २.४ टीबी, आउटलुकच्या नऊ पीएसटी फायली (ईमेलचा साठा) मिळून १८० जीबी, टॅलीचा डेटा ४० जीबी, बाकी एक्सेल, वर्किंग पेपर, जुने सेटअप वगैरे.

शेजारच्या लिनक्स मशीनवर नॅस एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडायची पद्धत) माउंट केला आहे. रोज रात्री ११ ला तिथून ८ टीबीच्या यूएसबी डिस्कवर (ईएक्सटी४ फाईलसिस्टिम) आरसिंक (फायलींची प्रत काढणारा प्रोग्राम) चालतं, --लिंक-डेस्ट लावून (न बदललेल्या फायली कालच्या फोल्डरातल्याच वापरायच्या), दर रात्री तारखेचं नवं फोल्डर. ३० दिवस ठेवायचे असं ठरलंय. नवं काम रोज ४-५ जीबीच्या वर नसतं, म्हणजे महिन्याला दीडशे जीबी. या हिशेबाने डिस्क अडीच वर्षं तरी पुरायला हवी. पंचविसाव्या रात्री ‘जागा संपली’.

प्रश्न दोन. जागा जाते कुठे? आणि ३० दिवस हा आकडा मुळात बरोबर आहे का?

---

तळमजला

जागा पीएसटीत जाते. लिंक-डेस्ट फाईल या पातळीवर चालतं. फाईल तशीच असेल तर नव्या फोल्डरात फक्त हार्डलिंक होते (त्याच फाईलला आणखी एक नाव), जागा शून्य. एक बाइट जरी बदलला तरी पूर्ण फाईल नव्याने लिहिली जाते. आउटलुक नुसतं उघडून बंद केलं तरी पीएसटीची वेळ बदलते. म्हणजे रोज १८० जीबी गेले. टॅलीत ज्या कंपन्यांवर त्या दिवशी काम झालं त्यांच्या फायली धरा, १०-१५ जीबी. रोजचे साधारण १९५ जीबी झाले. ८ मधून ३.२ वजा केले तर उरतात ४.८ टीबी, भागिले १९५ जीबी, उत्तर चोवीस-पंचवीस. तुमची डिस्क अगदी वेळेवर भरली आहे.

खात्री करायची तर सगळी तारखेची फोल्डरं एकाच डीयू (जागा मोजणाऱ्या) कमांडला द्या. एका कमांडमध्ये डीयू हार्डलिंक एकदाच मोजतं, त्यामुळे पहिल्या फोल्डरापुढे पूर्ण आकार आणि पुढच्या प्रत्येकापुढे फक्त त्या रात्रीची वाढ दिसते. फोल्डरं एकेक करून मोजलीत तर प्रत्येक ३.२ टीबीच दिसेल आणि काहीच कळणार नाही.

त्यात एखाद्या रात्री वाढ थेट अडीच टीबी दिसली, तर कारण बहुधा या तिघांपैकी एक असतं:

– कोणीतरी नॅसवर सगळ्या फायलींच्या परवानग्या किंवा मालक बदलला. आरसिंकला -ए दिलेलं असतं तेव्हा मजकूर तोच असला तरी परवानगी वेगळी म्हटल्यावर हार्डलिंक होत नाही, नवी प्रत होते.
– वरच्या फोल्डरचं नाव बदललं. आरसिंकच्या लेखी ते सगळं नवं.
– लिंक-डेस्टचा मार्ग चुकला. सापेक्ष मार्ग दिला तर तो तुम्ही उभे आहात तिथून नाही, जिथे प्रत जाते त्या फोल्डरापासून धरला जातो. चुकला तर आरसिंक एक ओळीची ताकीद देऊन पूर्ण प्रत काढायला लागतं, थांबत नाही. क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातली) ती ओळ कोण वाचतो!

---

रात्रपाळी

वरच्यात एक भर. काल रात्रीचं काम मध्येच तुटलं असेल तर अर्धवट फोल्डर आज आधाराला घेतलं जातं. त्यात ज्या फायली आल्याच नव्हत्या त्या सगळ्या आज पूर्ण लिहिल्या जातात. पावसाळ्यात वीज गेली की हे हमखास होतं. उपाय सोपा आहे. प्रत ‘अपूर्ण’ नावाच्या फोल्डरात घ्या, आरसिंकचा एक्झिट कोड (काम संपताना दिलेला आकडा) ० किंवा २४ आला तरच त्याला तारखेचं नाव द्या आणि ‘शेवटचा’ ही सिमलिंक (शॉर्टकट) तिकडे वळवा. २४ म्हणजे प्रत चालू असताना काही फायली गायब झाल्या, ते चालतं. २३ म्हणजे काही फायली वाचता किंवा लिहिता आल्या नाहीत. त्याला यशस्वी धरू नका.

आणि हार्डलिंकची एक बाजू लोक विसरतात. पंचवीस तारखांना दिसणारी ती स्कॅन फाईल डिस्कवर एकच आहे. तिथला सेक्टर गेला की पंचवीसही तारखांची फाईल गेली. ईएक्सटी४ डेटाचा चेकसम (मजकूर बदलला का ते ओळखायचा आकडा) ठेवत नाही, त्यामुळे बाइट गुपचूप बदलला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही.

---

बारा_वोल्ट

डीयू चालवलं. रोजची वाढ १८८ ते २०३ जीबी. एका रात्री २.५ टीबी कुठेही नाही, म्हणजे मार्ग बरोबर आहे. पीएसटीचं काय करायचं मग? वगळता येणार नाही, ग्राहकांचे सगळे ईमेल त्यातच आहेत.

---

तळमजला

आधी हे, की पीएसटी नॅसवरून थेट उघडणं मायक्रोसॉफ्टला मान्यच नाही. फाईल बिघडते. त्या ज्याच्या-त्याच्या पीसीवर ठेवा आणि रात्री आउटलुक बंद असताना नॅसवर प्रत येऊ द्या. उघड्या पीएसटीची प्रत रिस्टोअर केल्यावर दुरुस्ती मागू शकते.

आता जागा. दोन रस्ते आहेत.

पहिला: बॅकअपची डिस्क बीटीआरएफएस (स्नॅपशॉट घेता येणारी फाईलसिस्टिम) करा. त्यावर एकच ‘चालू’ सबव्हॉल्यूम (वेगळा कप्पा), त्यात आरसिंक, आणि काम झालं की त्याचा रीड-ओन्ली स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती). लिंक-डेस्ट काढून टाका. पण --इनप्लेस आणि --नो-होल-फाइल हे दोन्ही लावायला विसरू नका. इनप्लेस नसेल तर आरसिंक नवी फाईल बनवून जुनीच्या जागी बसवतं आणि स्नॅपशॉटमध्ये पुन्हा १८० जीबी अडकतात. नो-होल-फाइल नसेल तर तुमच्यासारख्या माउंट केलेल्या जोडणीत, जिथे दोन्ही मार्ग आरसिंकला स्थानिक वाटतात, ते फरक काढायच्या भानगडीत न पडता पूर्ण फाईल लिहितं. दोन्ही लावल्यावर बदललेले तुकडेच लिहिले जातात. वेळ वाचत नाही, कारण फाईल दोन्हीकडून पूर्ण वाचावी लागते. जागा वाचते.

हेच इनप्लेस हार्डलिंकच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आधी सीपी -एएल ने कालच्या फोल्डराची प्रत काढून तिच्यावर आरसिंक, असं चुकूनही वापरू नका. कालची, परवाची, सगळ्या तारखांची फाईल एकदम बदलते.

दुसरा रस्ता रेस्टिक किंवा बोर्ग, हे खास बॅकअपचे प्रोग्राम. त्यावर रात्रपाळी जास्त सांगतील.

---

रात्रपाळी

मी दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे. रेस्टिक फाईलचे मजकुरावरून तुकडे पाडतं, सरासरी १ एमबीचे, आणि एकदा आलेला तुकडा पुन्हा ठेवत नाही. फोल्डरचं नाव बदललं, परवानग्या बदलल्या, फाईल इकडून तिकडे हलवली, काही फरक पडत नाही. शिवाय सगळं एन्क्रिप्ट होतं, म्हणजे ती यूएसबी डिस्क घरी नेताना रिक्षात राहिली तरी ग्राहकांचे पॅन आणि बँक स्टेटमेंट उघड्यावर येत नाहीत. सीएच्या ऑफिसला हे एकच कारण पुरे.

रोज किती वाढेल याचा अंदाज बांधू नका, मोजा. प्रत्येक बॅकअपच्या शेवटी रिपॉझिटरीत (बॅकअपच्या साठ्यात) किती जोडलं हा आकडा ते छापतं. दहा दिवसांचे आकडे वहीत लिहा, मग रिटेन्शन (जुन्या प्रती किती ठेवायच्या) ठरवा.

फरगेट आणि प्रून या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरगेट फक्त यादीतून स्नॅपशॉट काढतो, जागा प्रून मोकळी करतो. बोर्गमध्ये १.२ पासून प्रूननंतर कॉम्पॅक्टही चालवावा लागतो. तो विसरणारे बरेच आहेत. डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका, कारण प्रूनला तुकडे पुन्हा बांधायला थोडी मोकळी जागा लागते. भरलीच तर रेस्टिकच्या प्रूनला --मॅक्स-रीपॅक-साइझ ० द्या. मग ते फक्त पूर्ण निरुपयोगी झालेले गठ्ठे उडवतं.

---

कोरी_पाटी

बाळबोध प्रश्न. रोज इन्क्रिमेंटल, मग ‘फुल’ कधी घ्यायचा? जुन्या शिकवणीत रविवारी फुल आणि बाकी दिवस इन्क्रिमेंटल असं होतं.

---

रात्रपाळी

ती शिकवण साखळीची. रविवारचा फुल, सोमवारची भर, मंगळवारची भर. शुक्रवार परत आणायचा तर रविवारपासून सगळे दुवे शाबूत हवेत, बुधवारची फाईल गेली की पुढचं सगळं लटकलं. टारच्या (फायलींचा एक गठ्ठा बांधणारा जुना प्रोग्राम) इन्क्रिमेंटलमध्ये आजही असंच आहे, म्हणून तिथे आठवड्याला किंवा महिन्याला फुल घ्यावाच लागतो. डिफरन्शिअलमध्ये प्रत्येक भर रविवारपासूनची असते. दुवे दोनच लागतात, पण शनिवारपर्यंत भर फुगते.

रेस्टिक, बोर्ग, बीटीआरएफएस, झेडएफएस (बीटीआरएफएससारखीच फाईलसिस्टिम) यांत साखळी नाही. पाठवताना फक्त फरक जातो, पण प्रत्येक स्नॅपशॉट पूर्ण दिसतो आणि मधला कोणताही काढला तरी पुढचे-मागचे शाबूत राहतात. तिथे ‘फुल’ एकदाच, पहिल्या दिवशी.

---

खतावणी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे या, तो जास्त महत्त्वाचा आहे. ३० दिवस हा आकडा डिस्कच्या मापाने काढला आहे. काढायचा असतो तो नुकसान किती उशिरा लक्षात येतं त्यावरून. रॅन्समवेअर सकाळी नऊला कळतं. एक्सेलमधलं चुकून पुसलेलं शीट आठवड्यात कळतं. पण कोणी एखाद्या ग्राहकाचं मागच्या वर्षीचं वर्किंग पेपरचं फोल्डर भलत्याच ठिकाणी ओढून टाकलं आणि तिथून ते उडालं, तर ते पुढच्या ऑडिटला कळतं. म्हणजे अकरा-बारा महिन्यांनी. ३० दिवसांच्या रिटेन्शनने तिथे हात रिकामे.

रोजचे १४, आठवड्याचे ८, महिन्याचे २४ असं ठेवा. इंग्रजीत याला आजोबा-वडील-मुलगा म्हणतात. २.४ टीबीचे स्कॅन बदलतच नाहीत, त्यामुळे जुने महिने ठेवायला फारसं काही लागत नाही. लागते ती मधल्या काळात बदललेल्या आणि पुसलेल्या मजकुराची जागा.

आता वार्षिक. इथे बहुतेकांचं चुकतं. रेस्टिकचं --कीप-इयरली कॅलेंडर वर्षातला शेवटचा स्नॅपशॉट ठेवतं, म्हणजे ३१ डिसेंबरचा. आपल्याला ३१ डिसेंबरची पुस्तकं काय कामाची? आणि ३१ मार्चचीही खरं तर नाहीत, कारण ऑडिट सही होईपर्यंत नोंदी बदलत राहतात. त्यामुळे ऑडिट पूर्ण झालं की हाताने एक बॅकअप घ्या, त्याला ‘आव-२०२४-२५’ (आव म्हणजे आर्थिक वर्ष) असा टॅग लावा, आणि फरगेटमध्ये --कीप-टॅग द्या. त्या टॅगचे स्नॅपशॉट बाकी कुठल्याही नियमात सापडले नाहीत तरी राहतात. बोर्गवाल्यांनी त्या आर्काइव्हचं नाव वेगळ्या शब्दाने सुरू करावं आणि प्रूनला फक्त रोजच्या नावाचा नमुना द्यावा.

किती वर्षं? कंपनी कायदा २०१३, कलम १२८(५): पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. जीएसटी कलम ३६: वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने. ऑडिटरचे वर्किंग पेपर: ऑडिट अहवालाच्या तारखेपासून सात वर्षं. सगळ्यांना पुरेल असं म्हणून टॅग नऊ वर्षं काढू नका. अपील चालू असलेल्या ग्राहकाचं तर त्याहून पुढे.

हे सगळं बॅकअपच्या भरवशावर ठेवू नका हेही खरं. बंद झालेली वर्षं नॅसवरच वेगळ्या रीड-ओन्ली फोल्डरात असावीत. अर्काइव्ह वेगळं आणि बॅकअप वेगळा.

---

बारा_वोल्ट

३१ डिसेंबरची गोष्ट डोक्यातच आली नव्हती. क्लाउडची एक प्रतही घ्यायचा विचार आहे. त्यात काही अडचण?

---

खतावणी

कंपन्यांची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून तो ‘ठरावीक काळाने’ नाही तर रोज. जबाबदारी कंपनीची आहे, पण डेटा तुमच्या नॅसवर असेल तर ती फिरून तुमच्याकडेच येते. बकेट (क्लाउडमधला साठवणीचा कप्पा) बनवताना विभाग मुंबई किंवा हैदराबाद निवडा. एकदा निवडलेला विभाग नंतर बदलता येत नाही, नवी बकेट करून सगळं पुन्हा चढवावं लागतं.

---

तळमजला

आणि चढवायचा वेळ मोजा. ३.२ टीबी, अपलोड ५० एमबीपीएस, लाइन एकदाही न पडता: सहा दिवस. २० एमबीपीएसला पंधरा. त्या काळात दिवसा ऑफिसची लाइन मोकळी हवी, म्हणून --लिमिट-अपलोड लावा (हा आकडा किबीबाइट प्रति सेकंद असतो, एमबीपीएस नाही, ५० ची निम्मी लाइन म्हणजे ३००० च्या आसपास). आधी टॅली आणि वर्किंग पेपर चढवा, स्कॅन नंतर. तुटलं तर पुन्हा तीच कमांड द्या, चढलेले तुकडे पुन्हा जात नाहीत.

उलट दिशा त्याहून महत्त्वाची. १०० एमबीपीएसवरून ३.२ टीबी उतरवायला तीन दिवस. यूएसबी डिस्कवरून १५० एमबी प्रति सेकंद धरले तर सहा तास, पण लाखो छोट्या पीडीएफमुळे तेवढा वेग मिळत नाही. ऑफिस किती तास बंद राहू शकतं ते आधी विचारा, मग कोणती प्रत कुठे ते ठरवा.

---

सुतळी

सगळे प्रतींच्या संख्येवर बोलताय, पुसायचा अधिकार कोणाकडे आहे ते कोणी बोलत नाही. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकरने क्यूनॅपच्या नॅसवरच्या फायली सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड लावून बांधल्या. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट आलं. दोन्हीत हल्ला पीसीवरून शेअरमार्गे नव्हता, थेट इंटरनेटवर उघड्या असलेल्या नॅसवर होता. हल्लेखोर नॅसचा अॅडमिन झाला की त्यावरचे स्नॅपशॉट तो उडवू शकतो, आणि नॅसमध्ये साठवलेला क्लाउडचा पासवर्ड वापरून तिकडचा बॅकअपही.

बारा_वोल्ट यांची रचना इथे चांगली आहे, लिनक्स मशीन नॅसवरून ओढून घेतं. तशीच ठेवा. एनएफएस माउंट रीड-ओन्ली करा. लिनक्स मशीनचा पासवर्ड नॅसवर कुठेही नको, आणि नॅसचा अॅडमिन पासवर्ड त्या मशीनवर नको. राउटरमध्ये यूपीएनपी (बाहेरून आत यायची वाट आपोआप उघडणारी सोय) बंद. क्लाउडच्या बकेटला ऑब्जेक्ट लॉक (ठरल्या काळापर्यंत काही पुसता न येणारं कुलूप) लावा, आणि लॉकचा काळ प्रूनच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्या, नाहीतर पुसलेल्या तुकड्यांचं भाडं भरत बसाल.

दोन यूएसबी डिस्क अदलाबदलीने वापरत असाल आणि झेडएफएस असेल, तर एक खड्डा आहे. इन्क्रिमेंटल सेंडला दोन्ही बाजूंना एक सामाईक स्नॅपशॉट लागतो. डिस्क दोन आठवडे मालकाच्या घरी, आणि नॅसवर स्नॅपशॉट सात दिवसच ठेवले, की परत आलेल्या डिस्कशी सामाईक काहीच उरत नाही. पुन्हा ३.२ टीबी. डिस्क जास्तीत जास्त जितके दिवस बाहेर राहील त्याच्या दुप्पट दिवस स्नॅपशॉट ठेवा, किंवा शेवटच्या पाठवलेल्या स्नॅपशॉटवर होल्ड (पुसायला मनाई) लावा. बुकमार्कही (स्नॅपशॉटची नुसती खूण) चालतो, जागा खात नाही. पण तो छोट्या -आय बरोबरच चालतो, मोठ्याबरोबर नाही, म्हणजे मधले स्नॅपशॉट पलीकडे जात नाहीत. आणि पलीकडच्या डेटासेटवर रीड-ओन्ली लावा. कोणी नुसतं फोल्डर उघडून बघितलं आणि वाचनाची वेळ बदलली, तरी ‘डेस्टिनेशन बदलला आहे’ म्हणून तो स्वीकारत नाही.

---

कोरी_पाटी

व्हेराक्रिप्टचा कंटेनर (पासवर्डने बंद केलेली एकच मोठी फाईल) आहे, ५० जीबीचा. तो आरसिंकच्या बॅकअपमध्ये महिन्याभरापूर्वीचाच दिसतो. आत रोज फायली टाकल्या जातात.

---

रात्रपाळी

व्हेराक्रिप्ट डिफॉल्टने कंटेनरची बदलाची वेळ तशीच ठेवतं. आकार तोच, वेळ तीच, आरसिंक बघतही नाही. व्हेराक्रिप्टच्या पसंतींमध्ये ती खूण काढा. बाकी फायलींसाठी महिन्यातून एकदा --चेकसम लावून चालवा. ३.२ टीबी दोन्हीकडून वाचायचे असतात, म्हणून शनिवारी रात्री.

---

बारा_वोल्ट

रेस्टिक सुरू केलं. दहा दिवसांत रोज ६ ते ११ जीबी जोडले गेले. फरगेट --ड्राय-रन (काही न पुसता नुसती चाचणी) चालवलं तर ते चार वेगवेगळे गट दाखवतंय आणि प्रत्येकातले वेगळे ठेवतंय.

---

रात्रपाळी

फरगेट डिफॉल्टने होस्ट (मशीनचं नाव) आणि मार्ग यांवरून गट पाडतं. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायची सोय) चालवत असाल तर कंटेनर नव्याने बनला की होस्टचं नाव बदलतं आणि नवा गट होतो. चार गट म्हणजे चार वेळा बनलेला कंटेनर, किंवा मध्ये तुम्ही एखादा मार्ग वाढवला. बॅकअपला --होस्ट देऊन नाव पक्कं करा. जुन्यांसाठी फरगेटला --ग्रुप-बाय टॅग्ज द्या, म्हणजे बिनटॅगचे रोजचे सगळे एका गटात येतील आणि ‘आव’वाले आपापल्या गटात राहतील. आधी ड्राय-रन, यादी डोळ्यांनी वाचा, मगच खरं.

आणखी एक. --कीप-डेली १४ म्हणजे कॅलेंडरचे चौदा दिवस नाही, बॅकअप झालेले चौदा दिवस. मशीन दिवाळीत आठ दिवस बंद होतं तर ते बावीस दिवस मागे जातं. ते बरंच आहे. कॅलेंडरनेच हवं असेल तर --कीप-विदिन-डेली १४डी.

तपासणीसाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चेक, --रीड-डेटा-सबसेटला महिन्याचा आकडा भागिले बारा. जानेवारीत १/१२, फेब्रुवारीत २/१२. वर्षात पूर्ण रिपॉझिटरी एकदा वाचून होते.

---

खतावणी

चेक म्हणजे रिस्टोअर नव्हे. टॅलीचं एक फोल्डर वेगळ्या मशीनवर उतरवा, टॅलीत कंपनी उघडा, आणि ताळेबंदाचा आकडा नॅसवरच्या कंपनीशी ताडून पाहा. टॅली उघडं असताना घेतलेली प्रत तिथेच उघडी पडते. म्हणून ११ च्या आधी सगळ्यांचं टॅली बंद हवं, किंवा टॅलीच्या आतला बॅकअप संध्याकाळी सातला काढून तोही रेस्टिकमध्ये जाऊ द्या.

---

सुतळी

आणि रेस्टिकचा पासवर्ड? तो गेला तर रिपॉझिटरी कोणीही उघडू शकत नाही. तो नॅसवरच्या ‘पासवर्ड’ नावाच्या एक्सेलमध्ये असेल तर ती एक्सेल त्याच कुलपाच्या आत आहे. रेस्टिकमध्ये एका रिपॉझिटरीला एकापेक्षा जास्त किल्ल्या जोडता येतात. दुसरी किल्ली बनवून कागदावर लिहा, पाकीट बंद करून भागीदाराच्या लॉकरमध्ये ठेवा. पाकिटात जाण्याआधी कागदावरून वाचून एकदा टाइप करून बघा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल, यांनी बरेच कागद वाया घालवले आहेत.

---

बारा_वोल्ट

पासवर्ड खरंच त्याच एक्सेलमध्ये होता. किल्ली बनवली. ओ आणि एल न वापरता.